नातं कोण ठरवतं? कुटुंब, कूळ आणि वंश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नातेसंबंध हा धडा वर्गात सुरू केला की पहिली दहा मिनिटं मुलं कंटाळतात. मग कुणीतरी विचारतं, "मामाची मुलगी चालते, मग काकाची का नाही?" आणि तास संपल्यावरही कुणी उठत नाही. विद्यार्थी, पालक आणि वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

नातं तर रक्तानंच ठरतं. मग ते समाजागणिक वेगळं कसं?

जन्म आई आणि वडील दोघांकडून होतो, हे जगभर सारखंच आहे. पण त्या जन्मातून नाव कुणाचं लागणार, जमीन कुणाकडून येणार, सुतक कुणाचं धरायचं आणि लग्न कुणाशी करायचं नाही, हे रक्त सांगत नाही. ते समाज ठरवतो. आपल्याला चार आजी-आजोबा आणि आठ पणजी-पणजोबा असतात. दहा पिढ्या मागे गेलं तर हा हिशेब एक हजार चोवीसवर पोचतो. 'आमचं घराणं' म्हणताना आपण त्यांतली एकच रेघ धरतो आणि बाकीच्यांना सोडून देतो. कुठली रेघ धरायची याचा नियम म्हणजे वंश. रक्ताला मी कमी लेखत नाही, पण रक्तातलं किती मोजायचं हे माणसं ठरवतात, आणि त्या ठरवण्यावर कुणाचं तरी घरदार अवलंबून असतं.

पितृवंशीय, मातृवंशीय आणि द्विपक्षी म्हणजे काय?

मूल वडिलांच्या कुळात मोजलं जात असेल तर समाज पितृवंशीय, आईच्या कुळात मोजलं जात असेल तर मातृवंशीय. दोन्हीकडचे नातेवाईक सारखेच धरले जात असतील तर द्विपक्षी. युरोपातले बरेच समाज असे आहेत. घर कुणाच्या गावी मांडायचं आणि सत्ता कुणाच्या हाती, हे प्रश्न याहून वेगळे आहेत. ते एकत्र केले की गोंधळ होतो.

मातृवंशीय म्हणजे बायकांचं राज्य का?

नाही. मेघालयातल्या खासी समाजाकडे पाहा. मूल आईच्या कुळाचं, म्हणजे 'कूर'चं नाव लावतं. एकाच कूरमध्ये लग्न हे सर्वांत मोठं पाप. वडिलार्जित हा शब्द तिथे लागूच पडत नाही; मालमत्ता आईकडून मुलीकडे जाते आणि मूळ घर सर्वांत धाकट्या मुलीकडे, 'का खादू'कडे राहतं. आपल्याला हे ऐकून वाटतं, केवढी चैन! पण त्या घराबरोबर म्हातारे आईवडील येतात, अविवाहित भावंडं येतात, संसार मोडून परतलेली बहीण येते आणि घरचे धार्मिक विधीही येतात. घर तिच्या नावावर असलं तरी ते मनाला येईल तेव्हा विकायची मुभा तिला नाही. महत्त्वाच्या निर्णयांत आईच्या भावाचा, म्हणजे मामाचा, शब्द वजनदार. गावच्या पारंपरिक दरबारात तर बसायचे पुरुषच.

खासी पुरुषांतही यावर अस्वस्थता आहे. १९९० मध्ये 'सिंगखाँग रिंपेई थिम्माई' ही संघटना निघाली आणि तिने वंश वडिलांकडून मोजावा अशी मागणी लावून धरली. वंशाचा नियम कुठल्याही बाजूने असो, ज्याच्या हातून काही सुटतं त्याला तो बोचतोच.

शेजारच्या गारो समाजात वारस मुलगी निवडतात आणि तिला नवरा शोधताना तिच्या वडिलांच्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे आतेभावाला, पहिला मान असतो. अशा रीतीने मालमत्ता एका कुळातल्या बायकांकडे आणि तिची व्यवस्था दुसऱ्या कुळातल्या मामा-भाच्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या राहते.

नायरांच्या तरवाडात नवरा राहायचा कुठे?

आपल्या आईच्या घरी. केरळातल्या नायरांचं 'तरवाड' म्हणजे एका आजीच्या पोटी झालेल्या बायका, त्यांचे भाऊ आणि त्या बायकांची मुलं. कारभार पाहणारा 'कारणवर' हा घरातला वडीलधारा पुरुष, बहुधा मुलांचा मामा किंवा आजीचा भाऊ. नवरा रात्री यायचा आणि सकाळी स्वतःच्या तरवाडात परतायचा. या संबंधाला 'संबंधम' म्हणत. नंबुद्री ब्राह्मणांत थोरल्या मुलानेच जातीत लग्न करायचं, बाकीच्यांनी नायर घरांत संबंधम करायचं अशी रीत होती; त्या संबंधातली मुलं आईच्या तरवाडाची, नंबुद्री घराच्या जमिनीत त्यांना वाटा नाही.

इंग्रजी कोर्टांना हे लग्न वाटेना. पगारदार, शिकलेल्या तरुण नायरांनाही आपली कमाई बहिणीच्या मुलांऐवजी स्वतःच्या मुलांना द्यावीशी वाटू लागली. १८९६ चा मलबार विवाह कायदा, त्रावणकोरातले १९१२ आणि १९२५ चे नायर कायदे, १९३३ चा मद्रासचा कायदा अशा पायऱ्यांनी तरवाडाची वाटणी सुरू झाली आणि केरळच्या १९७५ च्या कायद्याने १ डिसेंबर १९७६ पासून एकत्र कुटुंबाची ही पद्धत कायद्यातून गेली. एका शतकाच्या आत 'माझं कुटुंब' म्हणजे कोण याचं उत्तर लाखो लोकांसाठी बदललं.

ज्यांच्यात 'वडील' हे नातंच नाही असे लोक खरोखर आहेत का?

वडील असतात, त्यांचं काम वेगळं असतं. चीनच्या युन्नान आणि सिचुआन प्रांतांच्या सीमेवर लुगू सरोवराच्या काठी मोसुओ लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेक घरांत पुरुष रात्री जोडीदारणीच्या खोलीवर जातो आणि पहाटे आईच्या घरी परततो. मूल आईच्या घरात, आजी, मावश्या आणि मामांच्या हाताखाली वाढतं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात सरकारने त्यांच्यावर रीतसर लग्नाची सक्ती केली, तरी ही रीत पुसली गेली नाही.

पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर १९१५ ते १९१८ या काळात मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ राहिला. तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं की मूल आईच्या कुळातल्या पूर्वजाच्या आत्म्यातून येतं. बाप मुलाला कडेवर घेतो, भरवतो, जीव लावतो; पण कुळाने तो मुलाला परका. म्हणून माणूस आपल्या मळ्यातल्या कंदांचा मोठा वाटा बहिणीच्या घरी पोचवतो आणि त्याच्या स्वतःच्या मुलांना खाऊ घालणारा कंद बायकोच्या भावाकडून येतो.

मेलेला माणूस 'बाप' होऊ शकतो का? आणि बाई?

दक्षिण सुदानच्या नुएर समाजात दोघंही होऊ शकतात. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड याने १९३० च्या दशकात त्यांच्यात राहून हे टिपलं. तिथे बापपण गुरांवरून ठरतं: वधूमूल्य म्हणून ज्याच्या नावाने गुरं दिली (आदर्श आकडा ४०), तो मुलांचा बाप. एखादा पुरुष वारस न ठेवता मेला तर त्याचा भाऊ किंवा नातलग मृताच्या नावाने गुरं देऊन लग्न करतो. होणारी मुलं मृताची मानली जातात. मूल न होणारी स्त्रीही स्वतःची गुरं देऊन दुसऱ्या स्त्रीशी लग्न लावू शकते. संबंधासाठी पुरुष ठरवला जातो, पण मुलं त्या 'नवरा' स्त्रीला बाप मानतात.

आपल्याकडचा नियोग, म्हणजे नवऱ्याच्या नावाने दुसऱ्या पुरुषापासून मूल होऊ देण्याची जुनी रीत, हाही अशाच विचारातून आला होता. क्षेत्र ज्याचं, पीक त्याचं.

मामाची मुलगी चालते, मग काकाची का नाही? दोघीही तितक्याच जवळच्या!

जनुकांच्या हिशेबाने दोघी सारख्याच जवळच्या, पण कुळाच्या हिशेबाने एक घरची आणि दुसरी बाहेरची. काकाची मुलगी आपल्याच कुळाची, आपलंच देवक, आपलंच आडनाव, ती बहीण. मामाची मुलगी मामाच्या कुळाची, म्हणून सोयरीक होऊ शकते.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. भारतभरच्या नातेसंबंधांचा त्यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. उत्तरेत लग्न दूरच्या, अनोळखी घरात करायचं. मुलीचं माहेर आणि सासर यांत जणू भिंत. दक्षिणेत लग्न ओळखीत, नात्यात करायचं; आतेमामे भावंडं आणि काही जातींत सख्खा मामा-भाचीसुद्धा. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधला पट्टा. म्हणून आपल्याकडे मराठा, कुणबी आणि इतर अनेक जातींत मामाची मुलगी करतात, पण आत्याची मुलगी करणं अनेकांना रुचत नाही. ज्या घरात आपली मुलगी दिली, त्या घराची मुलगी उलट आणायची नाही, हा त्यामागचा विचार. मुलगी देणारं घर आणि घेणारं घर यांचा क्रम उलटू नये.

मामाचा मानही यातूनच कळतो. जावळ मामाच्या मांडीवर, लग्नात अंतरपाटामागे नवरीच्या पाठीशी मामा. भाऊबंदांशी जमिनीचा वाटा असतो म्हणून भांडण असतं. मामाशी वाटा नसतो, म्हणून निव्वळ माया उरते. हे माझं निरीक्षण आहे, नियम नव्हे.

कायदा काय म्हणतो? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ-बहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यांतच घातलं आहे, मात्र रूढी असेल तर सूट दिली आहे. सगोत्र लग्नाची अडचण त्याआधीच, १९४६ च्या कायद्याने दूर झाली होती. अरब समाजात मात्र नेमकी काकाची मुलगी पहिल्या पसंतीची, कारण तिथे मालमत्ता आणि मान कुळातच राखायचा असतो. एका समाजाचं पाप दुसऱ्या समाजाचा पहिला हक्क ठरतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

'सपिंड' म्हणजे नेमकं कोण?

यावर आपल्याच शास्त्रकारांत मतभेद होता आणि तो फार सुंदर आहे. चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही धर्मशास्त्रावरची टीका लिहिली. त्याच्या मते पिंड म्हणजे देह. एका देहाचे अंश ज्यांच्यात आहेत ते सपिंड. बंगालच्या जीमूतवाहनाने 'दायभाग' या आपल्या ग्रंथात म्हटलं, पिंड म्हणजे श्राद्धाचा पिंड. जो तो देऊ शकतो तो जवळचा. एकाने नातं शरीरात शोधलं, दुसऱ्याने कर्तव्यात. आणि त्यामुळे मालमत्तेची वाटणीही बदलली: मिताक्षरेत मुलाला जन्मतःच वडिलार्जितात हक्क, दायभागात वडील गेल्यावर.

पैठणच्या भट्ट घराण्यातले, काशीत स्थायिक झालेले नीलकंठभट्ट यांनी सतराव्या शतकात व्यवहारमयूख लिहिला. त्यांनी बहिणीला वारसांत वरची जागा दिली. मुंबई, कोकण, गुजरात या भागांत इंग्रजी कोर्टंही तो ग्रंथ मानत. इथल्या बायकांना त्याचा खरोखर उपयोग झाला, हे विसरू नये.

दत्तक मुलगा 'खरा' मुलगा असतो का?

धर्मशास्त्राच्या लेखी पूर्णपणे. दत्तविधान झालं की जन्मघराचं गोत्र सुटतं, सुतक सुटतं, वाटा सुटतो आणि नव्या घरचं सगळं लागू होतं. आपला इतिहास या एका प्रश्नावर अनेकदा वळला आहे.

१८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब वारले. मरण्यापूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो गादीचा वारस मानला नाही आणि सातारा खालसा केलं. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी नात्यातला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. कंपनीचं म्हणणं असं की हा मुलगा श्राद्ध करू शकेल, खासगी संपत्तीही घेईल, पण राज्य नाही. म्हणजे तो धर्माने मुलगा, राजकारणात मुलगा नव्हे. राणी लक्ष्मीबाईंनी यावर केलेले अर्ज हा वंश म्हणजे काय यावरचाही वाद होता, आणि तो तलवारीपर्यंत गेला.

१८५७ नंतर इंग्रजांनी धोरण बदललं आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्यामुळेच १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव बडोद्याला जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव आनंदीबाईंना दत्तक जाऊन कोल्हापूरचा शाहू छत्रपती झाला. सक्तीच्या शिक्षणाचा आणि आरक्षणाचा पाया ज्यांनी घातला ते दोघेही जन्माने त्या गादीचे नव्हते.

आता त्रावणकोर पाहा. तिथे गादी राजाच्या मुलाकडे जात नसे, बहिणीच्या मुलाकडे जाई. घराण्यात मुली उरल्या नाहीत तेव्हा १९०० मध्ये दोन मुली दत्तक घेतल्या गेल्या, चित्रकार राजा रविवर्म्याच्या नाती. त्यांतल्या एकीचा मुलगा चित्तिर तिरुनाळ पुढे राजा झाला. साताऱ्यात मुलगा नाही म्हणून राज्य बुडालं आणि त्रावणकोरात मुलगी नाही ही अडचण होती.

घरजावयाला आपल्याकडे कमी का लेखतात? सगळीकडे असंच आहे का?

नाही. जपानात मुलगा नसेल किंवा नालायक असेल तर जावयालाच दत्तक घेऊन घराण्याचं नाव देण्याची जुनी, मानाची रीत आहे. सुझुकी कंपनी दशकानुदशकं चालवणारे ओसामू सुझुकी हे असेच दत्तक जावई. जन्माचं आडनाव मात्सुदा. तिथे घराणं टिकवणं हे रक्त टिकवण्याहून मोठं.

दूधभाऊ हे फक्त बोलण्यातलं नातं आहे का?

इस्लामी कायद्यात ते लग्नाला आड येणारं खरं नातं आहे. जिचं दूध प्यालं ती दूधआई, तिची मुलं दूधभावंडं, आणि त्यांच्याशी विवाह निषिद्ध. मलेशियातल्या लंगकावी बेटावर तर एका चुलीवरचा भात वर्षानुवर्षं खाल्ल्याने माणसं एकरक्ताची होतात असं मानतात.

'मुलगी परक्याचं धन' हे कायद्याने संपलं का?

कायद्यात संपलं, घरात नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. हक्क जन्माचा आहे. अनुसूचित जमातींना मात्र हा वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यामुळे आदिवासी बहिणींचा प्रश्न अजून वेगळाच आहे.

प्रत्यक्षात काय होतं? वडील गेले की वारसनोंदीला सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागतात आणि काही दिवसांत हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. "बघ बाई, भाऊबीजेला यायचंय ना?" एवढं एक वाक्य पुरतं. सही केली तर जमीन जाते, नाही केली तर माहेर जातं. बहिणींनो, घाईने सही करू नका. माहेर तुमचं आहे ते कुणाच्या मेहेरबानीने नाही.

सुतकाचा हिशेबही हेच बोलतो. दूरच्या चुलत भाऊबंदाला दहा दिवस, आणि पोटच्या लग्न झालेल्या लेकीला आईवडिलांचं सुतक तीन दिवस.

जात वडिलांचीच का? आणि 'सगेसोयरे' हा वाद काय आहे?

जात पडताळणीत वडिलांकडच्या रक्तनात्याचे पुरावे मागतात: आजोबांचा शाळेचा दाखला, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली नोंद, वंशावळीचं शपथपत्र. आंतरजातीय लग्नातल्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं की मूल वडिलांच्या जातीचं असं गृहीत धरता येईल, पण मूल आईच्या समाजात वाढलं आणि त्याने तीच वंचना भोगली हे दाखवलं तर ते गृहीतक बाजूला सारता येतं. मला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात वाढण्याला जन्माइतकंच वजन मिळालं.

मराठा आरक्षणाच्या मागणीवरून २६ जानेवारी २०२४ रोजी राज्य सरकारने काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यात 'सगेसोयरे' या शब्दाची व्याख्या केली होती: अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि आधीच्या पिढ्यांत सजातीय विवाहांतून तयार झालेले नातेवाईक. आरक्षणाबद्दल तुमची बाजू कुठलीही असो, मुद्दा लक्षात घ्या. भाऊबंद हे जन्माचे आणि सोयरे हे लग्नाचे. सोयऱ्यांच्या नोंदीवरून जात सिद्ध व्हावी की नाही, हाच वाद आहे.

गोव्यात वेगळं काय?

पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेचा वारसा गोव्यात टिकला. आईवडिलांच्या मालमत्तेतला अर्धा भाग मुलांसाठी राखीव, मुलगा-मुलगी भेद नाही, आणि मनात आलं म्हणून कुणाला बेदखल करता येत नाही. पण त्याच गोव्यात गावच्या कोमुनिदादीचा, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचा, 'जोण' म्हणजे उत्पन्नातला वाटा गावकरांच्या पुरुष वंशजांकडेच जात आला आहे.

आईचं नाव लावायला सुरुवात झाली, त्याने काय बदलतं?

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्राने ठरवला. वंश त्याने मातृवंशीय होत नाही, आडनाव वडिलांचंच राहतं. पण शंभर वर्षांनी कुणी नोंदी शोधायला बसलं तर आई सापडेल.

आमच्या घराची वंशावळ लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

घरातल्या सर्वांत वृद्ध बाईपासून. पुरुषांना चुलत घराणी आठवतात, बायकांना कोण कुठे दिली आणि कुठून आणली ते आठवतं. त्यानंतर जुने सातबारे आणि फेरफार, कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात; गाव आणि आडनाव सांगितलं की पानं निघतात. अनेक घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत, पण बहुतेकांत मुलीची नोंद 'कन्या' एवढ्यावर थांबते आणि सुनेचं माहेरचं नाव नसतं.

तुम्ही लिहाल तेव्हा प्रत्येक बाईचं माहेरचं नाव आणि आडनाव लिहा, तिचं गाव लिहा. मुलींच्या पुढच्या पिढ्या काढा. दत्तक आलेला आणि दत्तक गेलेला दोन्ही ठिकाणी दाखवा. लहानपणी गेलेली मुलं गाळू नका. आणि ज्या काकू किंवा मावशीला मूल नव्हतं पण जिने घरातली चार मुलं वाढवली, तिच्या नावाखाली त्या चौघांची नावं लिहा.